मेंढीचे फुप्फुस आणि माणसाचे फुप्फुस : कर्करोगाच्या विषाणुवादातील एक अध्याय

कर्करोग विषाणूपासून उद्भवू शकतो, हे मत वैद्यकाच्या इतिहासात एकदा पुढे आले, बाजूला पडले आणि पुन्हा प्रतिष्ठा पावले. १९११ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस ह्यांनी कोंबडीच्या अर्बुदाचा पेशीरहित अर्क टोचून निरोगी कोंबड्यांत तेच अर्बुद निर्माण केले. त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक मात्र त्यांना १९६६ साली मिळाले. फुप्फुसाच्या कर्करोगापुरते पाहिल्यास ह्या मताची एक मोठी कसोटी आइसलंडच्या मेंढवाड्यांत लागली.

दक्षिण आफ्रिकेतील मेंढपाळांना एकोणिसाव्या शतकापासून ‘याख्सिक्ते’ हा रोग परिचित होता. पाठलाग झाल्याप्रमाणे मेंढी धापा टाकते, म्हणून हे नाव. १९३३ साली आइसलंडने जर्मनीतील हाले येथून वीस काराकुल मेंढ्या आणविल्या. वरवर त्या निरोगी होत्या. परंतु त्यांतील एक जेथे गेली, त्या डेल्दार्तुंगा ह्या शेतवाडीच्या परिसरात फुप्फुसात अर्बुदे होऊन मेंढ्या मरू लागल्या. हिवाळ्यात कळप गोठ्यांत दाटीने कोंडले जात, त्यामुळे संसर्गास वाव मिळाला. निल्स डुंगाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ साली ह्या साथीचे वर्णन प्रसिद्ध केले. ह्याच मेंढ्यांबरोबर दुसराही एक फुप्फुसरोग आला होता. दोहोंच्या निर्मूलनासाठी कळपच्या कळप मारावे लागले. १९५२ पर्यंत हा अर्बुदरोग देशातून नाहीसा झाला.

मानवी कर्करोगही असाच सांसर्गिक असेल काय, हा प्रश्न ह्यातून स्वाभाविकपणेच निघतो. दोन महायुद्धांमधील काळात काही वैद्यांनी वाढत्या फुप्फुसकर्करोगाचा संबंध १९१८ च्या इन्फ्लुएंझाशी जोडलाही होता. तथापि रेक्याविक शहराला त्या साथीचा जबर तडाखा बसूनही आइसलंडमध्ये हा कर्करोग विरळच राहिला. मेंढ्यांतील सांसर्गिक अर्बुद जवळून पाहिलेल्या डुंगाल ह्यांनीच १९५० साली ह्या विरळतेचा संबंध तेथे सिगारेटचा प्रसार उशिरा झाल्याशी जोडला. त्याच वर्षी इंग्लंडात डॉल व हिल ह्यांनी आणि अमेरिकेत विंडर व ग्रॅहम ह्यांनी धूम्रपानाविषयीचे पुरावे मांडले. पुढे १९५५ साली डॉल ह्यांनी अकरा देशांची तुलना केली. तीत सिगारेटचा खप आणि मृत्यूचे प्रमाण ह्या दोन्ही बाबतींत आइसलंड तळाशी होते.

विषाणूचा धागा मात्र तुटला नव्हता. याख्सिक्तेचा रेट्रोव्हायरस एकटाच हा कर्करोग घडवितो, हे १९९९ साली प्रयोगाने सिद्ध झाले. त्याच्या आवरणातील प्रथिनच पेशींना अर्बुदाकडे वळविते, हेही लवकरच उघड झाले. १४ फेब्रुवारी २००३ रोजी डॉली ह्या प्रसिद्ध मेंढीला दयामरण द्यावे लागले, त्याचे कारण हाच रोग होता. मानवी फुप्फुसकर्करोगास मात्र ह्या विषाणूचे कारणत्व सिद्ध झालेले नाही. एचआयव्हीबाधितांत धूम्रपानाचा हिशेब वजा केल्यावरही ह्या कर्करोगाचा धोका अधिक आढळतो. पण तेथे विषाणू पेशीला थेट बिघडवीत नसून प्रतिकारशक्तीचा ऱ्हास आणि दीर्घकालीन दाह ह्यांच्या वाटेने साहाय्य करीत असावा, असे मानले जाते.

एकच इंद्रिय, एकाच नावाचा रोग; तरी कारणे भिन्न. साधर्म्य हे संशोधनाचे निमित्त होऊ शकते, त्याचा निष्कर्ष नव्हे. डुंगाल ह्यांनी मेंढीच्या पुराव्यावरून माणसाविषयी निर्णय दिला नाही, ह्यातच त्यांच्या कार्याचे महत्त्व आहे.