पाणी शुद्ध कशाला म्हणायचे?

मंडळी, आंबेनळी घाट उतरून पोलादपूर ओलांडले की महाड येते, आणि महाड म्हटले की चवदार तळे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनुयायांसह या तळ्याचे पाणी प्यायले. मागाहून सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले! १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांचा हक्क कायम झाला. हा धडा शिकवताना मी वर्गात विचारत असे, "यात शुद्ध काय नि अशुद्ध काय?"

शुद्धतेची दुसरी एक फसगत पुढे बंगालमध्ये झाली. तळ्याडबक्यांच्या पाण्याने तिकडे पटकी-हगवण होऊन मुले दगावत. म्हणून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने बांगलादेशात कूपनलिका खोदण्याची मोठी मोहीम निघाली. हेतू चांगलाच होता. पाणी नितळ, गार. पण त्यात आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, आहे का हे कुणी तपासलेच नाही. हिमालयातून आलेल्या गाळात तो लोहाला चिकटून असतो आणि जमिनीखाली प्राणवायू नसला की सुटून पाण्यात उतरतो. त्याला रंग, वास, चव काही नाही. पाणी उकळूनही तो जात नाही.

१९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांना पश्चिम बंगालमधल्या रुग्णांच्या अंगावर डाग आणि तळहात-तळपायांवर टणक गाठी दिसल्या. बांगलादेशात हे विष १९९३ मध्ये सापडले. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की त्वचा, फुप्फुस, मूत्राशय यांचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा लिटरला अवघी १० मायक्रोग्रॅम आहे.

आजाराहून वाईट म्हणजे, डाग पाहून लोक महारोग समजत. कुणाची लग्ने मोडली, कुणाला शेजाऱ्यांनी दूर ठेवले. पाण्यावरून पुन्हा विटाळच!

आपला कातळ वेगळा, इथे कुठला सोमल, असे कुणी म्हणेल. पण गडचिरोलीच्या शेजारी छत्तीसगडात कौडीकसा गावी पाण्यात सोमल सापडला, आणि तिथली जमीन गाळाची नव्हे, खडकाची आहे. वैशाखात झरे आटले की आमच्याकडे वाडीवाडीत बोअर मारतात. पाणी लागले की नारळ फोडतो, पण बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत पाठवायचे कुणाला सुचत नाही. ग्रामसभेने एकदा तेवढा ठराव करावा आणि तपासणीत सोमलाचे नाव मुद्दाम लिहावे.

असो.