फरारी: पळणे आणि लपणे

इंग्रजी कायद्यातील ‘अ‍ॅब्स्काँड’ हे क्रियापद ‘दडवून ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘अब्सकोंदेरे’पासून आले, तर मराठीतील ‘फरारी’ हा शब्द ‘पलायन’ या अर्थाच्या अरबी ‘फरार’पासून फारसीमार्गे दप्तरात रुजला; म्हणजे एकाच्या मुळाशी लपणे आहे, दुसऱ्याच्या मुळाशी पळणे. 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 82ने दोन्ही कृती एकत्र आणल्या आणि वॉरंट, म्हणजे अटकेचा न्यायालयीन हुकूम, टाळणाऱ्यास हजर होण्यासाठी किमान 30 दिवसांची मुदत देणाऱ्या जाहीरनाम्याची तरतूद केली. अशा संज्ञा प्रजेला तिच्या भाषेत कळाव्यात, हा विचार बडोद्यात त्याआधीच मूळ धरून होता; तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत 1931मध्ये प्रसिद्ध झालेला बहुभाषिक ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यव्यवहारकोश त्याची साक्ष आहे. न्याय लोकभाषेत देऊ पाहणाऱ्यांनी तो आजही अभ्यासावा.