प्रिल्यूड आणि फ्यूग : दोन कुळांची एक पट्टी

पियानोवादक प्रिल्यूड आणि फ्यूग एका दमात वाजवतात, पण दोघांची कुळं वेगळी. प्रिल्यूड वाद्य वाजवणाऱ्यांचा. ल्यूटवादक तारा जुळल्यात का हे बघायला काहीबाही छेडायचा, चर्चमधला ऑर्गनवादक गाणाऱ्यांना सूर द्यायला थोडं वाजवायचा. सगळा आयत्या वेळचा मामला. आदाम इलेबोर्गच्या १४४८ च्या जर्मन हस्तलिखितात असे छोटे तुकडे उतरवलेले आहेत. फ्यूगचं मूळ मात्र समूहगायनात. एक आवाज सुरावट मांडतो, दुसरा तीच पंचमावरून उचलतो, आणि पहिला तोवर पुढचं गाऊ लागतो.

बुक्स्टेहुडच्या ऑर्गनरचनांत मोकळे आणि फ्यूगचे भाग एकाच रचनेत आलटून-पालटून येतात. सुट्या जोड्या दिसतात त्या फिशरच्या १७०२ च्या ‘आरियाड्ने म्युझिका’त. त्या वीस आहेत, बऱ्याचशा निरनिराळ्या पट्ट्यांतल्या. बाखने १७२२ मध्ये हा हिशेब चोविसांपर्यंत नेला : बारा स्वर, प्रत्येकाची मेजर आणि मायनर अशी एकेक जोडी.

या जोड्या एका बैठकीत जन्मल्या नाहीत. मोठ्या मुलाच्या शिकवणीसाठी बाखने १७२० मध्ये जी वही सुरू केली, तिच्यात यांतले अकरा प्रिल्यूड फ्यूगविनाच आहेत. आठवी जोडी तर बघण्यासारखी. प्रिल्यूड ई फ्लॅट मायनरमध्ये, म्हणजे सहा फ्लॅट. फ्यूग डी शार्प मायनरमध्ये, म्हणजे सहा शार्प. कागदावर दोन टोकं, पण बोटांखाली दोन्हींचा षड्ज एकच, आपली काळी दोन. फ्यूग बहुधा आधी डी मायनरमध्ये होता आणि जोडी लावण्यासाठी अर्धा स्वर वर चढवला, असं अभ्यासक मानतात. म्हणजे नातं जुळलं ते पट्टीचं; सुरावटीचं साम्य असलंच पाहिजे असा नियम नव्हता.

मेंडेल्सोननेही हेच केलं. १८३७ च्या त्याच्या सहा जोड्यांत जुन्या फ्यूगना नवे प्रिल्यूड मिळाले.

चित्र पालटलं ते शोस्ताकोविचकडे. बाखच्या द्विशताब्दीसाठी १९५० मध्ये तो लाइपझिगला गेला आणि परतल्यावर वर्षभराच्या आत त्याने २४ जोड्या लिहिल्या. शेवटच्या डी मायनर जोडीत फ्यूगची सुरावट प्रिल्यूडमध्येच कानावर पडते. बाखच्या जोड्यांत असं नातं वादकाला हुडकावं लागतं. इथे ते संगीतकारानेच स्वरांत लिहून ठेवलंय.