‘हाय नून’मधलं गाव खरं वाटतं का?

फ्रेड झिनेमनच्या ‘हाय नून’मध्ये (१९५२) बाराच्या गाडीने गुंड येणार असतो. मार्शल केन दारोदार फिरतो, पण गावातला एकही धडधाकट माणूस शेवटी सोबत येत नाही. हे पटतं?

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला नाही पटलं. कसलेला शेरीफ विनवण्या करत फिरेलच कशाला? १९५९मध्ये त्याने ‘रिओ ब्राव्हो’ काढला तो याच रागातून. त्यातला शेरीफ हौशी मदत चक्क नाकारतो.

इतिहास मात्र दोघांच्याही बाजूने नाही. १८९२मध्ये कॅन्ससच्या कॉफीव्हिलमध्ये डाल्टन टोळी बँका लुटायला आली, तेव्हा लोकांनी हार्डवेअरच्या दुकानांतून बंदुका उचलल्या. पाचांपैकी चार दरोडेखोर मेले. गावकरीही चार.

मग पटकथाकार कार्ल फोरमनने एवढं भेकड गाव आणलं कुठून? हॉलिवूडमधून. १९५१मध्ये पटकथा लिहीत असतानाच त्याला कम्युनिस्ट हुडकणाऱ्या संसदीय समितीचं समन्स आलं. त्याने कुणाची नावं सांगितली नाहीत. मित्र टाळू लागले, काम बंद झालं, तो इंग्लंडला गेला.

चर्चमधल्या सभेत हेंडरसन आधी केनचं तोंडभर कौतुक करतो, मग गावाच्या भल्यासाठी त्याला निघून जायला सांगतो. असली बोलणी फोरमनने स्वतः ऐकली होती.