बत्तीस बाइटांचं नाव

तर झालं असं. दिवाळीत वर्ध्याला घरी गेलो होतो. घरी नवीन राउटर आलेला आणि बाबांचा हट्ट, की वायफायचं नाव मराठीतच हवं. टाकलं, "सेवाग्राम रोड". फोनवर दिसलं "सेवाग्राम र" आणि पुढे एक चौकोनी डबा!

"अरे, रोड कुठी गेला? अन् हा डबा काहून आला?" इति बाबा.

वायफायचं नाव जास्तीत जास्त ३२ बाइटचं असतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा आणि पाय मोडल्याची खूणसुद्धा वेगळी मोजायची. 'सेवाग्राम' २७, मोकळी जागा १, 'र' ३. झाले ३१. बत्तिसाव्या बाइटात मात्रेचा एक तुकडा मावला, बाकी कापलं गेलं. राउटरच्या पानाने अक्षरं मोजली, आतल्या कोडने बाइट. पण मंडळी, त्या कोडने निदान कापलं तरी! न कापणाऱ्या कोडचा इतिहास फार मोठा आहे.

राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा "मी इथे आहे" असं ओरडत असतो. त्या संदेशात छोट्या छोट्या पुड्या असतात. पहिला बाइट पुडीचा प्रकार, दुसरा लांबी, मग माल. लांबीला एकच बाइट, म्हणजे ती २५५ पर्यंत जाऊ शकते. नाव ३२ च्या आत हवं असं ८०२.११ चं मानक सांगतं, पण लांबीचा आकडा लिहितो पाठवणारा. घेणाऱ्याने ३२ बाइटची जागा काढून ठेवली आणि आकड्यावर विश्वास ठेवून सी भाषेतलं मेमकॉपी चालवलं, की उरलेले २२३ बाइट शेजारच्या मेमरीवर सांडतात. मेमकॉपी काही विचारत नाही. सांडलेले बाइट पाठवणाऱ्याने नीट निवडले असतील तर मशीन त्याचं. पासवर्ड लागत नाही, कारण कुठे जोडायचं हे ठरवण्याआधीच फोनला सगळी नावं वाचावी लागतात.

ऑगस्ट २००६ मध्ये लास व्हेगसच्या ब्लॅक हॅट परिषदेत डेव्हिड मेनर आणि 'जॉनी कॅश' या टोपणनावाच्या गृहस्थाने वायफाय ड्रायव्हरमधून मॅकबुकचा ताबा घेतल्याचा व्हिडिओ दाखवला. त्यावर भरपूर भांडणं झाली, ती सोडा. त्याच नोव्हेंबरात ब्रॉडकॉमच्या विंडोज ड्रायव्हरमधला दोष बाहेर आला, लांबलचक नाव पाठवा आणि आत शिरा. म्हणजे वर सांगितलेली गोष्टच.

लोक शिकले असतील असं वाटेल. एप्रिल २०१५ मध्ये डब्ल्यूपीए सप्लिकंटमध्ये, अँड्रॉइड फोनात वायफाय सांभाळतो तो प्रोग्राम, वायफाय डायरेक्टच्या कोडमध्ये पुन्हा तेच ३२ आणि तेच २५५! दुरुस्ती काय, तर कॉपी करण्याआधी लांबी तपासणारी एक अट. अट लगेच लिहिली गेली, पण फोनपर्यंत ती कंपनीच्या अपडेटमधूनच येणार. मी तेव्हा कॉलेजात होतो. माझ्या फोनला ती कधी आलीच नाही.

मला सगळ्यात टोचतो तो २०२२ चा किस्सा. झोंके हुस्टर या जर्मन संशोधकाने लिनक्स कर्नलच्या वायफाय कोडमध्ये एकदम पाच दोष शोधले. त्यातल्या एकात लांबीत २ मिळवून उत्तर एकाच बाइटात ठेवलं होतं. लांबी २५४ असेल तर उत्तर २५६, म्हणजे एका बाइटात शून्य. पुढे २५६ बाइट जास्त कॉपी. टोचतो अशासाठी, की नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी हेच केलं होतं. ब्लूटूथवरून येणारे संदेश वाचायचं कोड. लांबी तपासली होती हो! पण बेरीज एका बाइटात. २५० अधिक १० बरोबर ४, आणि ४ तर ६४ पेक्षा लहानच. रिव्ह्यू दोघांनी केला, कुणालाच दिसलं नाही. माल गिऱ्हाइकाकडे जायच्या आठवडाभर आधी एका सीनियरने रात्रभर त्यात कचरा डेटा ओतत ठेवला, तेव्हा सापडलं. नंतर महिनाभर मी प्रत्येक 'अधिक' चिन्हाकडे संशयाने बघत होतो.

म्हणून "नीट लक्ष देऊन लिहा" या सल्ल्यावर माझा आता फारसा विश्वास नाही. कर्नल लिहिणारे माझ्यापेक्षा कैक पटीने हुशार आहेत. रस्ट भाषेत मर्यादेबाहेर लिहायला गेलात तर प्रोग्राम जागीच थांबतो (अनसेफ म्हणून पळवाट काढली नाही तर!). अँड्रॉइड १३ मध्ये अल्ट्रा-वाइडबँडचं वायरलेस कोड गूगलने रस्टमध्येच लिहिलं. अँड्रॉइडच्या एकूण सुरक्षा-दोषांत मेमरीचे दोष २०१९ मध्ये ७६ टक्के होते, २०२२ मध्ये ३५ टक्के. श्रेय एकट्या रस्टचं नाही, पण आकडा बोलका आहे. राउटरमधलं कोड मात्र अजून बहुतेक सीच.

हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम केलं. "जुनं नाव असतं तर मावलं असतं का?"

मोजलं. "शेगाव रोड", २५ बाइट. आरामात मावतं.

शेवटी नुसतं "सेवाग्राम" ठेवलंय. २७.