नांवांची गोधडी

सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी व नगरसभेचे सभासद हार्वे मिल्क यांचा १९७८ च्या नोव्हेंबरांत नगरभवनांतच खून झाला. मिल्क हे आपलें समलिंगीपण न लपवितां निवडून आलेले पुढारी. त्यांच्या स्मरणार्थ तेथें दरवर्षीं मेणबत्त्यांची मिरवणूक निघूं लागली. १९८५ सालच्या मिरवणुकीच्या वेळीं एड्सनें शहर ग्रासलें होतें. या रोगानें गेलेल्या आपल्या माणसांचीं नांवें पुठ्ठ्यांवर लिहावीं, असें क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्यानें लोकांस सुचविलें. ते पुठ्ठे केंद्र सरकारच्या कचेरीच्या भिंतीवर चिकटविले गेले, तेव्हां एक भली मोठी गोधडीच पसरल्याचा भास जोन्सला झाला.

१९८७ सालीं प्रत्यक्ष शिवणकाम सुरू झालें. प्रत्येक मृतासाठीं सहा फूट लांब व तीन फूट रुंद असा तुकडा, मोजमाप थडग्याएवढें. या रोगानें मेलेल्यांच्या प्रेतांस हात लावण्यास अंत्यसंस्काराचे कित्येक धंदेवाले नकार देत, आणि कित्येक कुटुंबें नांव घेण्यासही लाजत. ज्याला धड थडगें लाभलें नाहीं त्याला तें कापडाचें तरी लाभे! तुकड्यांवर मृताचा सदरा, लहानपणचें खेळणें, क्वचित् चितेची राखही शिवलेली आढळे. शिवणारे हात बहुधा कसबी नव्हते. वेडेवांकडे टांकेच अधिक बोलतात.

जुनेरांना टांका घालून ऊब करण्याची रीत महाराष्ट्रांतील घरांस नवी नाहीं. नवें होतें तें ती गोधडी राजधानीच्या हिरवळीवर अंथरणें. एड्सवरील आपलें पहिलें मोठें भाषण अध्यक्ष रेगन यांनीं १९८७ च्या मेअखेर केलें. तोंवर वीस हजारांवर अमेरिकन दगावले होते. त्याच वर्षीं ११ ऑक्टोबरला, समलिंगी हक्कांच्या मोर्चाच्या दिवशीं, वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर १,९२० तुकडे उलगडले आणि मृतांचीं नांवें मोठ्यानें वाचलीं गेलीं. पुढल्या वर्षीं व्हाइट हाउससमोर ८,२८८ तुकडे होते.

ही शोकाची गोधडी संतापाला निजविते, असा आक्षेप चळवळींतील जहालांनींच घेतला. तो अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. १९९२ सालीं, प्रदर्शन चालूं असतांनाच, ॲक्ट अप संघटनेच्या मंडळींनीं आपल्या प्रियजनांची राख व्हाइट हाउसच्या हिरवळीवर फेकली. तथापि अध्यक्ष क्लिंटन १९९६ सालीं आले ते गोधडी पाहावयास. संपूर्ण गोधडी अंथरली गेली ती त्या वेळीं अखेरची. आज ती सुमारें चौपन्न टनांची असून सॅन फ्रान्सिस्कोंत आहे; नवे तुकडे अजून येतात.