कायदा आणि राज्यशास्त्र यांची उच्च पदवी : कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासक्रमाचा पूर्वेतिहास

विद्यापीठीय पदवीच्या अटी हा विषय सामान्यतः नियमपुस्तिकेतील बाब मानला जातो. किती वर्षांचे वास्तव्य, किती विषय, कोणती परीक्षा व कोणता प्रबंध एवढे पाहून विद्यार्थी आणि अध्यापक पुढे जातात. परंतु एखाद्या ज्ञानशाखेत पुरावा कशास म्हणावयाचे आणि कोणत्या शास्त्राची दुसऱ्याशी सांगड घालावयाची, याचा निर्णय पुष्कळ अंशी या अटींतच झालेला असतो. कायदा व राज्यशास्त्र यांच्या एकत्रित उच्च अभ्यासाच्या बाबतीत हे विशेषेकरून खरे आहे. या दृष्टीने न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात १८८० साली स्थापन झालेल्या राज्यशास्त्र विद्यालयाचा इतिहास उद्बोधक ठरतो. पुढे याच विद्याशाखेत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे उच्च शिक्षण झाले, त्यामुळे महाराष्ट्राच्या दृष्टीनेही त्याला महत्त्व आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत ‘मास्टर’ ही पदवी अभ्यासाची निदर्शक नव्हती. बी. ए. झालेल्या पदवीधरास काही वर्षे लोटल्यावर, ठराविक शुल्क भरले असता, ती जवळजवळ आपोआप मिळत असे. ही प्रथा इंग्लंडमधून आलेली होती, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे तिचे अवशेष आजही टिकून आहेत. दुसरीकडे कायद्याचे शिक्षण हे वकिलीच्या धंद्याची तयारी म्हणून दिले जाई. करार, मालमत्ता, दिवाणी दावे यांचे नियम विद्यार्थ्याने आत्मसात करावेत व वकिलीस लागावे, एवढाच त्याचा उद्देश होता. राज्यघटना, प्रशासन, राष्ट्राराष्ट्रांचे संबंध हे विषय त्यात गौण होते. थोडक्यात, राज्यसंस्थेचा शास्त्रशुद्ध अभ्यास करू इच्छिणाऱ्या पदवीधरास स्वदेशी जागा नव्हती. अशा तरुणांना जर्मनीची वाट धरावी लागे.

जॉन विल्यम बर्जेस हे त्या वाटेने गेलेल्यांपैकी एक होत. टेनेसी राज्यात १८४४ साली जन्मलेल्या बर्जेस यांनी यादवी युद्धात संघराज्याच्या बाजूने सैनिकी केली होती. १८६७ साली अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयाची पदवी घेऊन ते वकील झाले आणि १८७१ ते १८७३ या काळात गटिंगेन, लाइपझिग व बर्लिन येथे शिकले. तेथे त्यांना दोन गोष्टी गवसल्या. एक, कायदा हा इतिहासाचा परिपाक आहे व म्हणून त्याचा अभ्यास इतिहासाच्या अंगाने केला पाहिजे, हा दृष्टिकोन. दुसरी, सेमिनारची पद्धती. या पद्धतीत अध्यापकाने व्याख्यान द्यावे व विद्यार्थ्याने ते टिपून घ्यावे एवढ्यावर काम संपत नसे. मूळ कागदपत्रे समोर ठेवून विद्यार्थ्याने स्वतःचा निबंध वाचावा आणि त्यावर सर्वांनी टीका करावी, अशी तिची रचना होती.

१८७६ साली बर्जेस कोलंबियात आले. तेथील कायदा विद्यालयात सार्वजनिक कायद्याला स्थान मिळवून देण्याचा त्यांनी प्रथम प्रयत्न केला, परंतु तो फळास आला नाही. विद्यालयाचे प्रमुख थिओडोर ड्वाइट हे नामांकित अध्यापक होते. चांगला वकील घडविणे हेच आपल्या संस्थेचे कार्य, अशी त्यांची धारणा होती. ही भूमिका निव्वळ संकुचित होती असे म्हणणे न्याय्य होणार नाही. शिक्षणाचा खर्च सोसून उपजीविकेचे साधन मिळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे तौलनिक घटनाशास्त्राचे महत्त्व सांगणे सोपे नसते. तथापि या विरोधाचा परिणाम असा झाला, की बर्जेस यांनी कायदा विद्यालयाच्या बाहेर नवीन संस्था काढण्याचे ठरविले. विश्वस्तांपैकी सॅम्युएल रगल्स यांनी त्यांची बाजू उचलून धरली. जून १८८० मध्ये विश्वस्तांनी मान्यता दिली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राज्यशास्त्र विद्यालय सुरू झाले. पॅरिस येथे एमिल बूत्मी यांनी काढलेली राज्यशास्त्रांची स्वतंत्र शाळा बर्जेस यांच्या डोळ्यांसमोर होती. परंतु त्या शाळेचा भर राज्यकारभारासाठी माणसे तयार करण्यावर होता. बर्जेस यांनी त्या हेतूस जर्मन विद्यापीठांतील संशोधनाची जोड दिली.

नव्या विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. त्याचा क्रम स्थूलमानाने इतिहासाकडून कायद्याकडे व कायद्याकडून प्रशासनाकडे जाणारा होता. प्रथम युरोप, इंग्लंड व अमेरिका यांचा राजकीय व घटनात्मक इतिहास, त्यानंतर रोमन कायद्याचा इतिहास व तौलनिक घटनाशास्त्र, आणि शेवटी प्रशासकीय व आंतरराष्ट्रीय कायदा. अर्थशास्त्र, सांख्यिकी व राजकीय विचारांचा इतिहास हे विषय त्यांच्या जोडीला होते. बर्जेस घटनाशास्त्र शिकवीत, मन्रो स्मिथ रोमन कायदा व तौलनिक विधिशास्त्र, आणि रिचमंड मेयो-स्मिथ अर्थशास्त्र व सांख्यिकी. लवकरच फ्रँक गुडनाऊ प्रशासकीय कायद्यासाठी आणि १८९१ साली जॉन बॅसेट मूर आंतरराष्ट्रीय कायद्यासाठी येऊन दाखल झाले.

प्रारंभी पीएच. डी. ही या अभ्यासक्रमाची अंतिम पदवी होती. पुढे एम. ए. पदवीलाही निश्चित स्वरूप प्राप्त झाले. विद्याशाखेचे तीन गट पाडण्यात आले : इतिहास व राजकीय तत्त्वज्ञान, सार्वजनिक कायदा व तौलनिक विधिशास्त्र, अर्थशास्त्र व समाजशास्त्र. विद्यार्थ्याने एक प्रधान व दोन गौण विषय निवडावयाचे, किमान एक वर्ष विद्यापीठात राहून अभ्यास करावयाचा आणि स्वतंत्र निबंध सादर करावयाचा, अशा मुख्य अटी होत्या. या अटींमागे एक निश्चित सिद्धांत होता. राज्यघटनेचा अर्थ केवळ तिच्या कलमांवरून कळत नाही. ती ज्या इतिहासातून जन्मली, ज्या कोषागारावर चालते आणि ज्या अधिकाऱ्यांच्या हातून अमलात येते, त्या सर्वांची ओळख असल्याशिवाय कायद्याचे ज्ञान अपुरे राहते. उलटपक्षी, कायद्याची शिस्त नसलेले राज्यशास्त्र हे मतप्रदर्शनाच्या पातळीवर घसरते. प्रधान व गौण विषयांच्या साध्या नियमाने ही परस्परपूरकता विद्यार्थ्याच्या वेळापत्रकातच आणून बसविली.

या पद्धतीची फळे लवकरच दिसू लागली. १८८६ साली विद्याशाखेचे त्रैमासिक निघू लागले. बर्जेस यांचा तौलनिक घटनाशास्त्रावरील द्विखंडात्मक ग्रंथ १८९० साली आणि गुडनाऊ यांचा तौलनिक प्रशासकीय कायद्यावरील ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला. १९०३ साली अमेरिकन राज्यशास्त्र परिषद स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद गुडनाऊ यांच्याकडे आले. चीनचे वेलिंग्टन कू यांनी येथेच एम. ए. व १९१२ साली पीएच. डी. या पदव्या मिळविल्या. चीनमधील परकीयांचा कायदेशीर दर्जा हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. परकीयांना मिळालेल्या सवलतींखाली दडपलेल्या देशाच्या तरुणाने त्या सवलतींचीच कायदेशीर चिकित्सा करावी, ही गोष्ट लक्षणीय आहे. कू हे पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

परंतु या इतिहासाला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. ज्या बर्जेस यांनी पुराव्याची शिस्त आणली, त्यांचीच काही प्रमेये पुराव्याच्या कसोटीस उतरणारी नव्हती. राज्यनिर्मितीची क्षमता ही मुख्यतः ट्यूटन वंशाची देणगी आहे, असे ते मानीत. इतर लोकांवर सत्ता गाजविण्याचा अधिकारही ते त्यावरून काढीत. त्यांची तुलना युरोप व अमेरिकेतील मोजक्या राज्यांपुरती मर्यादित होती आणि जित लोक त्या तुलनेत केवळ शासनाचा विषय म्हणून येत. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेवर त्यांनी १९०२ साली आणि त्यांचे सहकारी विल्यम डनिंग यांनी १९०७ साली ग्रंथ लिहिले. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार देणे ही चूक होती, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि तो पुढे दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांतून वावरला. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ साली पुनर्रचनेवरील आपल्या बृहद् ग्रंथात या संप्रदायावर कठोर टीका केली. स्वतः ड्यू बॉइस यांचे शिक्षण हार्वर्ड येथे व बर्लिनच्या सेमिनारांत झालेले होते. म्हणजे ज्या पद्धतीच्या नावाने पूर्वग्रह प्रतिष्ठित झाला, त्याच पद्धतीने त्याचे खंडनही झाले.

डॉ. आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दिलेली तीन वर्षांची शिष्यवृत्ती त्यांच्यापाशी होती. बर्जेस आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते, पण त्यांनी घालून दिलेली चौकट कायम होती. त्याच वर्षी चार्ल्स बिअर्ड या तेथील प्राध्यापकाने अमेरिकन राज्यघटनेची आर्थिक मीमांसा करणारा आपला वादग्रस्त ग्रंथ प्रसिद्ध केला. घटनेकडे पूज्यभावाने पाहण्याऐवजी तिच्यामागील हितसंबंध तपासण्याचे वातावरण तेथे होते. आंबेडकरांच्या अभ्यासाची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्रारंभिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी १ असे एकूण ६० पाठ्यक्रम त्यांनी घेतले. अर्थशास्त्र हा प्रधान विषय घेऊन १९१५ साली ते एम. ए. झाले. पुढे भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या विद्यार्थ्याने राज्यशास्त्राचे नामनिर्देशित पाठ्यक्रम केवळ तीन घेतले होते. परंतु सेलिग्मन यांचे सार्वजनिक अर्थकारण, शॉटवेल यांचा इतिहास, गिडिंग्ज यांचे समाजशास्त्र व ड्यूई यांचे तत्त्वज्ञान यांतून राज्यसंस्थेचेच निरनिराळे पैलू त्यांच्यासमोर येत होते. वकिलीच्या कायद्याचे शिक्षण त्यांनी नंतर लंडनच्या ग्रेज इनमध्ये घेतले.

सेमिनारच्या अटीतून काय निष्पन्न होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारात आंबेडकरांनी वाचलेला भारतातील जातिसंस्थेवरील निबंध. या निबंधात सेनार, नेसफील्ड, रिझली व केतकर यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले श्रीधर व्यंकटेश केतकर यांची जातिविषयक भूमिका त्यांना इतरांपेक्षा अधिक ग्राह्य वाटली, तरी तीही त्यांनी चिकित्सेवाचून स्वीकारली नाही. जातीचे मूळ वंशभेदात शोधणाऱ्या युरोपीय पंडितांनी वर्णाला अवाजवी महत्त्व दिले, असे सांगून त्यांनी सजातीय विवाहाच्या बंधनात जातीचे मर्म दाखविले. ज्या विद्याशाखेच्या संस्थापकाने वंशाला राज्यशास्त्राचा पाया मानले, तिच्याच एका अस्पृश्य विद्यार्थ्याने वंशवादी उपपत्ती अग्राह्य ठरविली, हा केवळ योगायोग नव्हे. अधिकारी पुरुषांचे मत पुराव्याने पारखून घेण्याची सक्ती पदवीच्या अटींतच होती. ती सक्ती संस्थापकांच्या मतांनाही लागू पडली, इतकेच.

मुंबईस परतल्यावर हा दृष्टिकोन त्यांच्या कार्यात उमटत राहिला. १९३५ साली ते मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर १९३६ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी कायद्याच्या जोडीला पूरक विषयांचा अभ्यास आवश्यक मानला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना प्रशासनाचा तपशील घटनेत का घातला, याचे स्पष्टीकरण त्यांनी दिले. घटनेचे स्वरूप न बदलता केवळ प्रशासनाचे स्वरूप बदलून तिचा आत्मा नष्ट करता येतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. घटनाशास्त्र आणि प्रशासकीय कायदा यांना एका अभ्यासक्रमात बांधण्यामागे जो विचार होता, तोच येथे एका राष्ट्राच्या घटनेच्या समर्थनार्थ उभा राहिलेला दिसतो. कोणत्या पाठ्यक्रमातून कोणता विचार आला अशी सरळ रेषा काढणे मात्र धाडसाचे ठरेल. हा विचार ज्या भूमीत रुजू शकतो, ती अशा शिक्षणाने तयार होते, एवढे निश्चित.

भारतात कायद्याचे उच्च शिक्षण व राज्यशास्त्राचे उच्च शिक्षण ही बव्हंशी दोन स्वतंत्र दालने राहिली आहेत. मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र यांचा विभाग १९४८ साली निघाला, कायद्याच्या एम. ए.-समकक्ष पदवीची, म्हणजे एलएल. एम.ची व्यवस्था निराळी राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली एक वर्षाच्या एलएल. एम.साठी जी मार्गदर्शक तत्त्वे आखली, त्यांत संशोधनपद्धती, तौलनिक सार्वजनिक कायदा आणि जागतिकीकरणाच्या काळातील कायदा व न्याय हे तीन विषय अनिवार्य ठरविले. कोलंबियातील जुन्या योजनेशी त्यांचे साम्य सहज ध्यानात येण्यासारखे आहे. तथापि विषयांची नावे जुळली म्हणजे हेतू साधला असे होत नाही. पदवीचा निबंध हा जर संकलनाचा उपचार ठरला आणि सेमिनार हे हजेरीचे निमित्त झाले, तर काळ लोटल्यावर आपोआप मिळणाऱ्या जुन्या ‘मास्टर’ पदवीकडेच परत गेल्यासारखे होईल.

कोलंबियाच्या इतिहासाचे तात्पर्य या ठिकाणी आहे. कोणताही अभ्यासक्रम आपल्या कर्त्यांना पूर्वग्रहांपासून मुक्त करू शकत नाही. बर्जेस व डनिंग यांचे उदाहरण त्याची साक्ष देते. पण मूळ साधने पाहणे, तुलना करणे आणि स्वतःचा निष्कर्ष इतरांच्या टीकेसमोर ठेवणे या अटी प्रामाणिकपणे पाळल्या गेल्या, तर त्या पूर्वग्रहांचे निरसन करण्याचे साधन विद्यार्थ्याच्या हाती येते. आंबेडकरांनी आणि ड्यू बॉइस यांनी ते साधन वापरले. १९४६ साली आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाविषयी विचारणा केली. हे दोन पत्रलेखक ज्यांच्या दृष्टीने शासनाचा विषय होते, अशा विद्वानांनीच त्यांच्या शिक्षणाची चौकट घडविली होती. पदवीच्या अटी लिहिणाऱ्यांनी आणि त्या पूर्ण करणाऱ्यांनी ही गोष्ट सदैव ध्यानी ठेवण्याजोगी आहे.